ढलप्यांचा जिना

रविवारी चर्चमधून परत आल्यावर आम्ही सहाजण जेवायला बसलो आणि आईने वाढलेलं मटण ताटात तसंच थिजून गेलं. रूबेनच्या नावाने प्रार्थना झाली होती. प्रेत नाही, पेटी नाही, खड्डा नाही. पाद्रीबाबांनी 'समुद्राच्या स्वाधीन' एवढंच म्हटलं आणि लगेच कुणाच्या तरी बाप्तिस्म्याकडे वळले. मला त्यांचा राग आला. माझ्या भावाला बुडून तीन आठवडे झाले होते आणि मला तेव्हा सगळ्यांचाच राग येत होता.

आमच्या गल्लीत मेलेलं माणूस जिन्याने खाली येत नाही. जिने अरुंद, पेटी वळत नाही. म्हणून वरच्या खिडकीतून दोर लावून पेटी रस्त्यावर उतरवतात. आजोबा तसेच उतरले, आजीही तशीच. रूबेनसाठी खिडकी उघडायचं कारण नव्हतं, तरी आईने ती सकाळीच सताड उघडून ठेवली होती. खाडीचा चिखलट वारा घरभर फिरत होता. बंद कर म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

"बाबा, उद्या तुम्हाला जास्त बोलायचंच नाहीये," एबल म्हणाला. एबल माझा थोरला भाऊ. "गोदीच्या क्रॅनफिल्डसाहेबांनी सगळं लिहून दिलंय. तुम्ही वाचून दाखवायचं, खालची सही माझीच म्हणायचं, आणि होडीत बसून परत यायचं. जेवायच्या आत घरी."

बाबा पाव कापत होते.

उद्या कशाची गडबड होती ते कळायला कॉन्स्टन्सीचं सांगायला हवं. कॉन्स्टन्सी आणि मी एका वर्षाच्या. तिचा कणा आजोबांनी टाकला, तिच्या फासळ्या बाबांनी उभ्या केल्या, आणि ती गोदीतून पाण्यात उतरली तेव्हा मी तीन महिन्यांची, बाबांच्या खांद्यावर होते म्हणे. चौऱ्याहत्तर तोफांचं लढाऊ गलबत ती. तिला आमच्या घरात कोणी जहाज म्हटलं नाही, नावानेच बोलायचे, घरातल्या मुलीसारखं. फ्रेंचांशी दोन मोठ्या लढाया लढली. एकदा तर त्यांचं एक जहाज मागे दोराला बांधून ओढत घेऊन आली, तेव्हा तीन दिवस आमची गल्ली रस्त्यावरच जेवली. मी पंचविशीला आले तरी बिनलग्नाची, म्हणून गल्लीतल्या बायका टोमणा मारायच्या, 'टॅमसिन, तुझ्याबरोबरची दोन लढाया जिंकून आली, तुला एक नवरा जिंकता येईना.'

मग तह झाला. डोलकाठ्या उतरवून तिला खाडीत बांधून ठेवलं, ती अकरा वर्षं. तळाच्या ओलसर लाकडावर अळंबीच्या पिवळ्या छत्र्या उगवायच्या. बाबा महिन्यातून एकदा जाऊन त्या उपटायचे आणि घरी हात धुताना सांगायचे, 'आज टोपलीभर निघाल्या.' आम्ही हसायचो. पुढे अमेरिकेची लढाई लागली आणि वरून हुकूम आला, पाच आठवड्यांत कॉन्स्टन्सी समुद्रात हवी.

त्या दुरुस्तीनंतर रूबेन तिच्यावर सुतार म्हणून चढला. लढाऊ जहाजाचा सुतार म्हणजे मानाची जागा. पंप, गळती, सगळं लाकूड त्याच्या ताब्यात. बाबांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. तीन वर्षं ती वेस्ट इंडीजच्या बेटांत फिरली. परत येताना, अगदी आपला किनारा दिसायला लागल्यावर, भर दुपारी, साध्या वाऱ्यात तिची उजवी बाजू उघडली. टेकडीवरच्या मेंढपाळांनी तिला बुडताना पाहिलं. सहाशे माणसांतली एकशे चार वाचली. त्यांत कप्तान मेडहर्स्ट होते. रूबेन नव्हता.

सोमवारी कप्तानांची चौकशी होती, खाडीत नांगरलेल्या पहाऱ्याच्या जहाजावर. गोदीचे साहेब लोक म्हणत होते, कप्तानाने निष्काळजीपणे तिला वाळूच्या दांड्यावर घातली. कप्तान म्हणत होते, वाळूचा कणही लागला नाही, ती आपली आपणच फाटली. आणि दुरुस्तीनंतर 'जहाज धडधाकट' असं लिहून खाली सही करणारा गोदीचा मुकादम म्हणजे आमचे बाबा, एझकील हॉगबेन. म्हणून दोन्हीकडच्यांना बाबा हवे होते.

"कागदात काय लिहिलंय?" केझायाने विचारलं.

केझाया रूबेनची बायको. चर्चमध्ये तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही म्हणून फीबीवहिनीने, म्हणजे एबलच्या बायकोने, तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं होतं.

"हेच की लाकूड चांगलं होतं, काम चांगलं होतं. दांड्याला लागली."

"लागली असं कोण म्हणतं? तू होतास तिथे?"

"केझाया, मी नव्हतो तशी तूही नव्हतीस."

"जेम होता," ती म्हणाली.

जेम पिल्चर रूबेनच्या हाताखालचा सुतार, त्या एकशे चारांतला एक. शुक्रवारी तो तिच्या दारात आला होता, पायात बूट नाहीत, आत यायलाही तयार नाही. उंबऱ्यावर बसून जे सांगायचं ते सांगून गेला. दोन दिवस तिने ते पोटात ठेवलं होतं. आता हात मांडीवर ठेवून, आवाज न चढवता तिने सांगितलं.

"शेवटचे तीन दिवस रूबेन तळातून वर आला नाही. पाचरी ठोकत होता. उजवीकडच्या फासळ्यांत सुरी घातली की मुठीपर्यंत आत जायची. आणि वरून नवीकोरी फळी मारलेली. जेमला म्हणाला, 'हे लाकूड नाही रे, पीठ आहे. नव्या फळीमागे जुनंच ठेवलंय.' दोनदा कप्तानाला वर्दी दिली. कप्तानाने तोफा समुद्रात टाकायला लावल्या, भार कमी व्हावा म्हणून. तरी नाही थांबली." तिने आता बाबांकडे पाहिलं. "आणि जेमला म्हणाला, 'माझ्या बापाने सही केलीय याच्यावर.'"

बाबांनी पावाचा एक तुकडा कापला, मग दुसरा, मग तिसरा. खाणारं कोणी नव्हतं.

"जेम पिल्चर दारुडा आहे," एबल म्हणाला.

"जेम मेथडिस्ट पंथाचा आहे," मी म्हटलं. "बिअरच्या वासाने पळतो तो."

"टॅमसिन, तू गप्प बस."

"एबल खरं बोलतोय," आई म्हणाली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. "गेला तो गेला. आता उकरून काय मिळणार? हॉगबेन, तुम्ही उद्या तो कागद वाचा आणि घरी या. मला आणखी कोणी घालवायचं नाहीये."

आईचा दोष नव्हता. तिच्याकडे आता एकच मुलगा उरला होता, आणि पुढच्या महिन्यात बाबांच्या जागी मुकादम म्हणून त्याचंच नाव लागणार होतं. तिला तेवढं वाचवायचं होतं. केझायाने तिच्याकडे नुसतं पाहिलं. इतके आठवडे या दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. त्या दुपारी केझायाने आपली खुर्ची आईपासून वीतभर बाजूला घेतली. आवाज झाला आणि सगळ्यांनी तो ऐकला.

तेवढ्यात फीबीवहिनी बोलली.

फीबीवहिनीला मी आयुष्यभर नावं ठेवली आहेत, त्यामुळे हे आधी सांगते. मुकादमाच्या घराला दोन धुराडी असतात, आणि त्या दोन धुराड्यांवर तिचा लग्नापासून डोळा होता. एबल आदल्या संध्याकाळी तो कागद तिच्यासमोर वाचत होता तेव्हा ती लोकर विंचरत बसली होती, आणि एका ओळीवर तिचा हात थांबला होता. ती काही बोलली नव्हती. पाच मुलांची आई कशाला बोलेल? पण तिच्या पाचही बाळंतपणांत उशाशी केझाया बसली होती. रूबेन तीन दिवस तळात पाचरी ठोकत होता हे ऐकल्यावर तिला काही ती ओळ गिळता येईना.

"सगळा वाच, एबल," ती म्हणाली.

"काय?"

"कागद. शेवटची ओळ वाच यांना."

"फीबी, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"मला कळतंय. यांनाही कळू दे."

एबलने कागद काढला नाही. तेव्हा तिनेच त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला, कागद उलगडला आणि माझ्यापुढे धरला, कारण तिला वाचता येत नव्हतं. मी वाचलं. 'जहाजाचा सुतार वारंवार नशेत आढळत असे, व त्याने गळतीची वर्दी वेळेवर दिली नाही.'

आईने हातातला चमचा खाली ठेवला.

"रूबेन?" ती म्हणाली. "नशेत?"

"आई, ती नुसती लिहायची पद्धत असते," एबल म्हणाला. "मेलेल्या माणसावर ढकललं की कोणाचं नुकसान होत नाही."

"माझं होतं," केझाया म्हणाली. "मला तो पुरताही आला नाही, एबल. नाव तरी स्वच्छ राहू दे त्याचं."

"हॉगबेन," आईने विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून," बाबा म्हणाले. त्या दुपारी त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द.

"मग मला एकच सांगा, बाबा," केझाया म्हणाली. "पीठ होतं का?"

"होतं."

"तुम्हाला दिसलं होतं?"

"हाताने चाचपलं होतं. उजवीकडच्या नऊ फासळ्या."

"बाबा, पुरे," एबल उठून उभा राहिला.

"नवं लाकूड आलं नव्हतं का?" मी विचारलं. मला ते आठवत होतं. दोन मालवाहू पडाव भरून ओक आला होता, चांगला सुकलेला. आम्ही धक्क्यावर उभं राहून पाहिला होता.

"आलं होतं," बाबा म्हणाले.

"मग गेलं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या गल्लीत जन्मलेल्या कोणालाही विचारायची गरज नसते. मी विचारला कारण माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. गोदीत काम करणाऱ्याला रोज संध्याकाळी ढलपे घरी न्यायचा हक्क आहे. तासताना उडालेले तुकडे, चुलीत घालायला. बाबांच्या आजोबांच्याही आधीपासूनचा हक्क. नियम एवढाच की तुकडा तीन फुटांच्या आत हवा आणि खांद्यावरून न्यायचा. घंटा झाली की माणसं रांगेने दरवाज्यातून निघतात आणि दरवान मोजपट्टी लावतो. पट्टी लांबी तेवढी मोजते. लाकूड टाकाऊ आहे की कालच पडावातून उतरलंय, ते तिला कळत नाही. म्हणून शेवटचा तासभर गोदीत करवतीचाच आवाज असतो, चांगल्या लाकडाचे दोन फूट अकरा इंचांचे ढलपे करायचा. आमच्या गल्लीतलं प्रत्येक कपाट, पाळणा आणि पलंग तेवढ्याच मापाचा. जिनेही. म्हणून तर आमच्याकडे पेटी वळत नाही.

"जिना," आई म्हणाली.

ती जिन्याकडे बघत होती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत वर जायला शिडी होती. त्या हिवाळ्यात शिडीवरून ती पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. महिनाभर ती बाबांच्या मागे लागली होती, 'सगळ्या जगाला जिने करून देता, मला एक द्या.' वसंतात जिना झाला. बारा पायऱ्या, एकही कुरकुरत नाही. शेजारणींना बोलावून बोलावून तिने तो दाखवला होता. कॉन्स्टन्सी त्याच वसंतात दुरुस्त झाली होती. आईने हे दोन वसंत आजवर कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. आम्ही कोणीच पाहिले नव्हते.

"हॉगबेन," ती म्हणाली, "मी मागितला म्हणून?"

"नाही," बाबा म्हणाले. "तू मागितला नसतास तरी कोणीतरी नेलंच असतं." त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. "नऊ फासळ्या बदलायच्या म्हणजे अख्खी बाजू उघडायची. तीन महिन्यांचं काम. हुकूम पाच आठवड्यांचा. साहेब म्हणाले, वरून फळी मारा. मारली. लाकूड गोदीच्या अंगणात पडून राहिलं आणि कागदावर ते जहाजात बसलेलं होतं. आता परत द्यायचं कोणाला? पोरांनी कापायला घेतलं. मी पाहिलं. दोन दिवस नुसतं पाहिलं, तिसऱ्या दिवशी मीही उचललं."

"आणि सही केलीत," केझाया म्हणाली.

"केली. मला वाटलं, दोन वर्षं ओढेल. परत येईल तेव्हा आपणच उघडू, आपणच बदलू. सगळी जहाजं अशीच चालतात, पोरी. मी अठ्ठेचाळीस वर्षं पाहतोय. लढाई लांबेल असं कोणाला वाटलं होतं?"

"आणि त्यावर रूबेनला पाठवलंत."

"चांगली जागा होती," बाबा म्हणाले. "त्याला बढती मिळत होती."

केझायाने तोंडावर शालीचं टोक दाबलं. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा रडली, आणि फीबीवहिनी उठून तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"यातल्या सहा पायऱ्या त्यानेच आणल्या," बाबा जिन्याकडे न बघता म्हणाले. "त्याच्या खांद्यावरून. मी म्हटलं, उरलेलं आहे. बापाला उलट विचारणारा पोरगा नव्हता तो."

एबल अजून उभाच होता. त्याच्या मनात तेव्हा काय होतं ते त्याने मला खूप वर्षांनी सांगितलं. त्याला रूबेन दिसत नव्हता. त्याला गल्लीतली घरं दिसत होती, एकामागून एक, आणि प्रत्येक घरात शिरून लाकूड उलटं करून बघणारे शिपाई.

"ठीक आहे," तो म्हणाला. "सांगा खरं. कप्तान सुटेल. त्याचा मामा लॉर्ड आहे, तो असाही उपाशी मरत नव्हता. तुम्ही तुरुंगात जाल, अडुसष्टाव्या वर्षी. माझं नाव खोडतील. फीबी आणि मुलं रस्त्यावर. मग शिपाई येतील आणि या गल्लीतल्या प्रत्येक फळीखाली राजाचा बाण, सरकारी लाकडाची खूण, शोधतील. लोकांनी तासून टाकलाय, पण सगळा नसेल. लोक आपल्या दारावर थुंकतील, आई. आणि एवढं करून रूबेन येणार आहे का खिडकीतून?"

एबल चुकत नव्हता. सगळी पंचाईत तिथेच होती.

आई बाबांकडे बघत होती. ती आता एबलला दुजोरा देईल असं मला वाटलं. त्यालाही वाटलं.

"तो दारू प्यायचा नाही," ती म्हणाली. "लहानपणी खोकल्याला ब्रँडी दिली तर थुंकून टाकायचा." ती उठली आणि तिने सगळ्यांची ताटं गोळा केली.

त्या रात्री आई वर गेली नाही. चुलीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. बाबा वर गेले. बारा पायऱ्या चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते, म्हातारपणामुळे की कशामुळे ते देवाला ठाऊक.

सोमवारी सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा जिन्यावर खिळे उपसल्याचा आवाज आला. बाबा रविवारच्या कोटात होते आणि हातात पहार होती. त्यांनी सातवी पायरी काढली, सावकाश, कड न फुटू देता, आयुष्यभर जसं काम केलं तशीच. उलटी केली. खालच्या बाजूला राजाचा बाण होता, तीन रेघांचा, लाकूड पडावात चढवताना कोरलेला. बाकीचे लोक तो तासून टाकतात. बाबांनी तासला नव्हता, नुसता खाली केला होता.

"का ठेवलात?" मी विचारलं.

"चांगलं लाकूड होतं," ते म्हणाले. "तासवेना."

त्यांनी फळी खांद्यावर घेतली. एबलचा कागद टेबलावरच पडला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. मी शाल घेऊन मागे निघाले. आई खुर्चीत जागी होती. तिने फक्त बाबांची कॉलर सरळ केली.

कामाची घंटा झाली होती. गल्ल्यागल्ल्यांतून माणसं गोदीकडे चालली होती, सगळी रिकाम्या हातांनी, कारण सकाळी लाकूड घेऊन कोणी आत जात नाही. माझ्या जन्मात मी पाहिलं नव्हतं. बाबांना बघून माणसं बाजूला व्हायला लागली. फळी ओळखायला कोणाला वेळ लागला नाही, प्रत्येकाच्या घरात तसलीच होती. एकाने टोपी काढली. दुसरा थुंकला. एबल आपल्या टोळीबरोबर दरवाज्याजवळ उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं, मान खाली घातली आणि पटकन आत गेला.

केझाया भिंतीपाशी थांबली होती, जेम पिल्चर तिच्याबरोबर होता. बाबा जवळून जाताना ती त्यांच्याशी बोलली नाही. पण ती त्यांच्यामागून चालायला लागली.

दरवान टॉबी लँगले तीस वर्षं त्या दरवाज्यावर होता. खांद्यावर लाकूड दिसल्याबरोबर त्याचा हात आपोआप मोजपट्टीकडे गेला. त्याने पट्टी लावली, मापली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की माणूस आत चाललाय.

"दोन फूट अकरा," तो तरीही म्हणाला. "नियमात आहे, हॉगबेन."

"हो," बाबा म्हणाले. "सगळं नियमातच होतं, टॉबी."

आणि ते होडीच्या धक्क्याकडे चालू लागले. बायकांना त्या दिवशी आत सोडत नव्हते. केझाया आणि मी दरवाज्याच्या गजांना धरून, त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिलो.

मी घरी आले तेव्हा आई जिन्यासमोर उभी होती, कंबरेवर हात ठेवून. मधे एक भोक पडलं होतं आणि त्यातून मागची भिंत दिसत होती.

"कितवी काढली?" तिने विचारलं.

"सातवी."

तिने भोकाच्या वरच्या पायरीवर तळहात ठेवला, मग खालच्या.

"त्यातली सगळ्यात भक्कम तीच होती," आई म्हणाली.